कोयत्याचं टोक

फार पूर्वी एका राज्याचा राजा वारला आणि गादी थोरल्या मुलाची की धाकट्याची, हे सांगायचं त्याच्याकडून राहूनच गेलं. झालं! नदीच्या अलीकडचे लोक थोरल्याचे झाले, पलीकडचे धाकट्याचे. मधल्या पुलावरची वर्दळ आटली. आता युद्ध पेटणार, असं जो तो कुजबुजू लागला.

तरी एक बाई दोन्ही काठांवर बिनधास्त फिरे. ती धारवाली. पायाने फिरवायचं दगडी चाक पाठीवर घेऊन ती विळे-कोयत्यांना धार लावी. तिचं घर अलीकडे आणि एकुलती एक लेक दिलेली पलीकडे. त्यामुळे तिला कोणी अडवत नसे, पण विचारत मात्र सगळेच. "मावशी, तिकडे काय चाललंय?"

तीही बोलकी. "काय चालायचंय? काल चाळीस कोयत्यांना धार लावली बघ," म्हणून सांगून टाकी. ऊसतोडीचे दिवस होते, कोयते निघणारच. पण दुसऱ्या दिवशी ऐकणारे पन्नास कोयते घेऊन येत. बाईला वाटे, यंदा धंदा बरा आहे.

एके दिवशी तिचा शेजारी कोयता घेऊन आला. "मावशी, धार राहू दे. टोक काढून दे, चांगलं अणकुचीदार."

बाई थबकली. ऊस तोडायला धार लागते, टोक कशाला? पण शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या, म्हणून तिने मुकाट्याने टोक काढून दिलं. त्या दिवसापासून मात्र तिला चैन पडेना. कोण कशाला आलाय, कोण काय लपवतोय, हेच ती बघत राहिली.

दोन दिवसांनी ती पलीकडे गेली. पहिलाच कोयता पुढे आला तो जावयाचा. "सासूबाई, टोक काढून द्या."

बाईने कोयता हातात घेतला. "जावईबापू, उसाला टोक लागतं होय?"

जावई खाली बघत म्हणाला, "तिकडचे तयारीत आहेत म्हणे. आम्ही काय गप्प बसायचं?"

"कोण म्हणतं असं?"

"तुम्हीच की! मागच्या खेपेला नाही का म्हणालात, तिकडे पन्नास कोयते झाले म्हणून?"

बाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आग लागायची होती ती लेकीच्या घराला, आणि काडी तिने स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती.

तिने जावयाचा कोयता तसाच परत केला, चाक उचललं आणि ते पुलाच्या मधोमध नेऊन मांडलं. "यापुढे धार इथेच लागेल. सगळ्यांच्या देखत. घरोघर मी येणार नाही."

तीन दिवस कोणी फिरकलं नाही. हा कुणाचा तरी डाव आहे, असं दोन्ही काठांना वाटलं. पण शेतात ऊस वाळायला लागला. चौथ्या दिवशी दोन्हीकडून लोक आले आणि एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत उभे राहिले.

बाईने आधी आपल्या शेजाऱ्याला पुढे बोलावलं. त्याचा कोयता वर धरून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हे टोक मी काढलंय. चुकलं माझं. बोल बाबा, कोयता कशासाठी हवाय?"

शेजाऱ्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने शेजाऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर खरं कोण बोलणार?

"उसासाठी," शेजारी पुटपुटला.

"मग हे टोक घालवते." चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या आणि टोक गेलं. मग बाईने जावयाकडे हात केला. "आणि तुमचा?"

"उसासाठीच," जावई म्हणाला.

त्या दिवशी पुलावर एकानेही टोक मागितलं नाही. नजरा तिरक्याच होत्या, मनंही काही लगेच निवळली नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवर ऊस तुटू लागला, आणि धारवालीची लेक कितीतरी दिवसांनी पूल ओलांडून माहेरी जेवायला आली.

तात्पर्य काय, तर आपण ज्याला भिऊन लपूनछपून हत्यार करतो, तोही आपल्याच भीतीने हत्यार करत असतो. चारचौघांत सांगता येणार नाही ते करू नये, आणि अर्धवट बातमी या दारातून त्या दारात नेऊ नये.