दुसरं शिंग

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण त्या गावच्या पाटलाची हौस अजून लोकांच्या तोंडी आहे. हौस कसली, तर तिरंदाजीची.

पाटलाचा नेम म्हणजे नेम! गावाच्या मधोमध एक चिंच होती. तिच्या फांदीला सुका भोपळा टांगायचा आणि समोरच्या पारावरून बाण मारायचा. पाटलाच्या आज्याच्या काळी गावावर लुटारू चालून येत, तेव्हा घराघरातल्या पोरांनी धनुष्य धरायला शिकावं म्हणून त्याने तो भोपळा तिथे टांगला होता. पुढे लुटारू येईनासे झाले. भोपळा मात्र तिथेच राहिला.

चिंचेमागे वस्ती होती. म्हणून रीत अशी, की पाटील पारावर चढला की आधी शिंग फुंकायचा. शिंग वाजलं की बाया डोक्यावरची घागर उंबऱ्यात टेकवून आत पळायच्या, म्हातारीकोतारी काठी टेकत दार गाठायची, धडाधड कड्या लागायच्या. खेळ आटोपला की दुसरं शिंग, मग गाव पुन्हा बाहेर. लेकरू चालायला लागलं की आई त्याला आधी हेच शिकवायची: पहिलं वाजलं की आत, आणि दुसरं वाजेपर्यंत दार उघडायचं नाही.

एक दिवस चिंचेमागे राहणारी कुंभारीण पाटलाकडे आली. चुकल्या बाणाने तिची मडकी फुटली होती, पण गाऱ्हाणं मडक्यांचं नव्हतं.

"पाटील, निशाण ओढ्यापलीकडच्या माळावर न्या. तिथे चिटपाखरू नसतं. मारा हवे तेवढे बाण. इथे आमची लेकरं खेळतात हो!"

"अगं बाई, मग शिंग कशासाठी फुंकतो मी?"

"शिंग तुमच्या हाती आहे. लेकरांचे पाय कुणाच्या हाती आहेत?"

पाटलाबरोबर पारावरून नेम धरणारी तरणी पोरं फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "माळापर्यंत तंगडतोड कोण करणार? आणि तिकडे आमचा नेम बघायला येणार कोण, ढोरं?" खरं सांगू का, मेख इथेच होती. भोपळ्यावर बाण बसला की दारादारांच्या फटींतून "वाहवा" ऐकू यायची, आणि ती ऐकल्याशिवाय पाटलाला घास गोड लागत नसे.

"ज्याला भीती वाटते त्याने घरात बसावं," पाटील म्हणाला. "माझा बाण आजवर कुणा माणसाला लागलाय?"

"लागला नाही, ही देवाची कृपा," एवढं बोलून ती बिचारी निघून गेली.

पाटलाला एक नात होती, ठकू. त्याचा जीव की प्राण. सुनेने एकदा तिला कडेवर घेऊन शिंगाचं शिकवायला घेतलं, तर पाटील केवढ्यांदा ओरडला! "माझ्याच बाणाला माझीच नात भिणार? पाटलाच्या घरातलं कुणी दाराआड लपत नाही!" सुनेने पोरीला कडेवरून खाली ठेवलं. मोठ्यांपुढे बोलायचं कसं? झालं, साऱ्या गावाची लेकरं शिंगाला भ्यायला शिकली, एक ठकू तेवढी शिकली नाही. तिला शिंग म्हणजे एकच ठाऊक: आजोबा पारावर आले. शिंग वाजलं की ती घरातल्या घरात टाळ्या पिटत नाचायची, आणि पाटलाला त्याचं कोण कौतुक!

एका संध्याकाळी ठकू कुंभारणीच्या पोरांबरोबर चिखलाचे बैल करत बसली होती. शिंग वाजलं. पोरं उठून आत पळाली. कुंभारणीने ठकूचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढलं.

"सोड ना! माझे आजोबा आलेत!"

"अगं पोरी, आत चल!"

चिखलाने माखलेला तो हात सुळकन निसटला. पोर चिंचेला वळसा घालून पाराकडे धावली आणि त्याच क्षणी पाटलाच्या बोटांतून बाण सुटला.

पाटलाने तिला पाहिलं, तेव्हा धनुष्य रिकामं होतं. सुटलेल्या बाणाला हाक मारून परत बोलावता येत नाही, हो. बाण ठकूच्या खांद्यात घुसला. पाटील पारावरून उतरू लागला, पण आधी धावली ती कुंभारीण. तिने पोरीला उचललं आणि वैद्याच्या घराकडे पळत सुटली. "मी सांगितलं होतं" असा एक शब्द तिने काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तो न काढलेला शब्द पाटलाला जन्मभर ऐकू येत राहिला.

पोर वाचली. उजवा हात मात्र वर उचलेना.

पाटलाने स्वतः भोपळा सोडवला आणि ओढ्यापलीकडे माळावर नेऊन टांगला. तरणी पोरं रोज तिकडे जाऊ लागली. कुणाचे पाय मोडले नाहीत, कुणाचा नेम बिघडला नाही. इतकं सोपं होतं ते! कुंभारणीने एवढंच तर मागितलं होतं.

पाटलाने पुन्हा धनुष्य धरलं नाही. आता तो संध्याकाळी घरी यायचा, हातात नातीसाठी भाजलेल्या चिंचोक्यांची पुडी असायची. पण अंगणात त्याच्या वहाणा वाजल्या की पूर्वी धावत येणारी ठकू आत पळायची आणि डाव्या हाताने कडी लावायची. शिंगाची रीत तिला आता कुंभारणीच्या पोरांनी शिकवली होती.

"ठकू, मी आहे गं. दार उघड, बाळ."

आतून बारीक आवाज यायचा, "आजोबा, दुसरं शिंग वाजलं का?"

"वाजलं गं माझे बाई, केव्हाच वाजलं!"

"मला नाही ऐकू आलं," ठकू म्हणायची. आणि पाटील चिंचोक्यांची पुडी मांडीवर घेऊन आपल्याच घराच्या बंद दाराबाहेर बसून राहायचा.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: बाणाची हौस वस्तीबाहेरच भागवावी, नेम कितीही पक्का असो, सुटलेला बाण आपलं-परकं ओळखत नाही.