वेणूआत्याला ओव्हरलॉक मशीन

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव शेंगी.

घुबडआजोबांनी शेंगीला एक नियम सांगितला होता.
"सुई कुणाच्या हातात द्यायची नाही. भेट तर मुळीच नाही!"
"का?"
"का म्हणायचं नाही!"

शेंगीला होती एक आत्या. वेणूआत्या. सगळ्या रानाचे फ्रॉक तीच शिवायची. खटखट, खटखट!

शेंगीनं नवा लाल फ्रॉक घातला. उडी मारली. झुप!
सुर्र! काठाचा एक दोरा सुटला.
सुर्र! दुसरा सुटला.
सुर्र! तिसरा सुटला.
फ्रॉकचा काठच उसवला!

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शिवण माझी पक्की. पण काठ उसवतात गं. उद्यापासून शिवणं बंद!"

"बंद? मुळीच नाही!" शेंगी म्हणाली. "काठ गुंफणारं मशीन असतं. ओव्हरलॉक मशीन. मी आणते. तुला भेट!"

सुटलेले तीन लाल दोरे तिनं गळ्यात घातले. शेंगी निघाली. तुरुतुरु, झुप!

वाटेत मुंगूसकाकांचं दुकान.
"काका, काका, मशीन हवं!"
"कशाला गं?"
"मशीन आत्याला!"
"मशीनं कुरकुरतात. आधी तेल आण, मग मशीन."

शेंगी निघाली. तुरुतुरु, झुप!
तेलाच्या घाण्यापाशी बैलोबा.
"बैलोबा, बैलोबा, तेल हवं!"
"कशाला गं?"
"तेल काकांना, मशीन आत्याला!"
"पोट रिकामं. घाणा ओढू कसा? आधी चारा आण, मग तेल."

शेंगी निघाली. तुरुतुरु, झुप!
डोंगराखाली कुरणकाकू.
"काकू, काकू, चारा हवा!"
"कशाला गं?"
"चारा बैलोबांना, तेल काकांना, मशीन आत्याला!"
"वाळले गं मी. आधी पाणी आण, मग चारा."

शेंगी निघाली. तुरुतुरु, झुप!
चिंचेखाली विहीरमावशी.
"मावशी, मावशी, पाणी हवं!"
"कशाला गं?"
"पाणी काकूंना, चारा बैलोबांना, तेल काकांना, मशीन आत्याला!"
"बादली आहे, दोरी नाही. आधी दोरी आण, मग पाणी."

शेंगी मट्‌कन खाली बसली.
"दोरी मावशीला, पाणी काकूंना, चारा बैलोबांना, तेल काकांना, मशीन आत्याला! आता दोरी कुणाकडे मागू?"

गळ्यात काय होतं? तीन लाल दोरे!
"मागू कशाला? मीच वळते!"
एक इकडून. एक तिकडून. एक मधून. झाली दोरी!

दोरी मावशीला. बुडुक! वर आलं पाणी.
पाणी काकूंना. सळसळ! उगवला चारा.
चारा बैलोबांना. करकर, करकर! फिरला घाणा.
तेल काकांना. टप टप टप!

काकांनी तीन मशीनं मांडली.
"हे मोठं ने. चकचकीत आहे. घरात शोभेल."
"शोभेला नको, काका. शिवायला हवं!"
शेंगीनं फ्रॉकचा काठ पुढे केला.
मोठ्यात घातला. चुरगळला!
मधल्यात घातला. उसवला!
छोट्यात घातला. झिर्र! काठ कापला. झिर्र! काठ गुंफला.
शेंगीनं ओढून पाहिलं. एक दोरा सुटेना!
"हेच!"

मशीन डोक्यावर. शेपटी वर. मान ताठ. तुरुतुरु, झुप!

आत्याच्या दारात मोठी मंडळी उभी. पुढे घुबडआजोबा.
"थांब! मशीनला सुया आहेत. हातात देऊ नको. भांडण होतं!"
"कुणाचं झालं?"
आजोबांनी डोळे मिचकावले. "ते... ठाऊक नाही. मोठे सांगतात! खाली ठेव. भेट म्हणू नको."

शेंगी ताठ उभी राहिली.
"नाही ठेवणार! मी निवडलंय. मी आणलंय. माझ्या हातानं देणार. भेट म्हणूनच देणार!"

आणि दिलं. आत्याच्या हातात.
"आत्या, आपण भांडायचं का?"
"आत्ता? वेळ कुठाय मला! आण ते उसवलेले फ्रॉक!"

भांडण झालंच नाही.
बोलत होतं फक्त मशीन.
झिर्र, झिर्र, झिर्र!