राजाच्या महालातली डाळिंबं

पुष्कळ वर्षांमागची ही गोष्ट. स्पेन देशातल्या एका डोंगराळ गावात बेल्त्रान नावाचा चित्रकार राहत होता. बाकीचे चित्रकार संतांची नाहीतर सरदारांची चित्रं काढत. हा मात्र टेबलावरच्या वस्तू रंगवायचा. पाव, कांदे, पाण्याची सुरई. जवसाच्या तेलात खललेले रंग तो अशा नजाकतीने लावायचा, की बघणाऱ्याला वाटावं, कांद्याचं साल आत्ता हातात सुटून येईल.

त्याची बायको वारली होती. घरात तो आणि सात वर्षांची कासिल्दा, बापलेक दोघंच.

एकदा राजाच्या कारभाऱ्याने त्याचं चित्र पाहिलं आणि बेल्त्रानला राजधानीतून बोलावणं आलं. मुलीला आत्याकडे ठेवून तो निघाला.

"बाबा, कधी येणार?" कासिल्दाने विचारलं.

"अंगणातली डाळिंबं पिकली, की आलोच."

राजधानीत आधी त्याला कुणी विचारलंच नाही. त्याचं पहिलं चित्र मुदपाकखान्याच्या वाटेवर टांगलं गेलं. डाळिंबांचे दिवस आले तसा तो निघायच्या तयारीला लागला. नेमकं तेव्हाच राणीने आपल्या जेवणघरासाठी चित्र मागितलं. एवढं एक करून जाऊ, म्हणून तो थांबला.

मग एक दिवस गावाकडचा खेचरवाला दारात आला आणि त्याने डाळिंबांची टोपली पुढे ठेवली. "कासिल्दानं दिलीय. म्हणाली, बाबांना सांगा, पिकली."

बेल्त्रान टोपलीपाशी बसला. त्याने एक डाळिंब उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं. आधी चित्र काढू, मग खाऊ, असं त्याच्या मनात आलं. चित्राला दोन महिने लागले. तोवर डाळिंबं सुकून गेली.

ते चित्र पाहायला सगळा दरबार जमला. टोपली, डाळिंबं आणि मागची काळोखी भिंत, आणखी काहीच नव्हतं त्यात. तरी एका म्हाताऱ्या सरदाराने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी तो सुट्टी घेऊन आपल्या गावी गेला. राणीसाठी काढलेलं ते चित्र राजाने स्वतःच्या महालात लावलं.

त्यानंतर दर वर्षी टोपली येत राहिली आणि दर वर्षी तिचं चित्र होत राहिलं. एकदा बेल्त्रानने घरी जायची परवानगी मागितली.

"जा की, मी कुठे अडवतोय?" राजा म्हणाला. "पण तुला घराची ओढ आहे, म्हणून ही चित्रं अशी होतात. घरी जाऊन मन भरलं, की हातात काय उरेल तुझ्या?"

बेल्त्रानला ते पटलं. तो गेला नाही. त्या ओढीलाच तो जपू लागला. पुढे तो दरबारातला पहिला चित्रकार झाला. वीस वर्षं गेली.

एकविसाव्या वर्षी खेचरवाला रिकाम्या हाताने आला. "यंदा तिनं काही दिलं नाही," एवढंच म्हणाला. बेल्त्रानने ब्रश खाली ठेवला आणि कुणालाही न विचारता गावाची वाट धरली.

दारात एक तरुण बाई उभी होती. दोघांनी एकमेकांना ओळखलं.

"या, बसा," कासिल्दा म्हणाली. तिने पाणी दिलं.

"यंदा टोपली पाठवली नाहीस?"

"तुम्ही यावं, म्हणून पाठवत होते. खेचरवाल्याकडून कळलं, तुम्ही त्यातलं एकही डाळिंब कधी फोडलं नाहीत. मग वाटलं, राहू दे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर त्याने तो सोसला असता.

तेवढ्यात तिची पाच वर्षांची मुलगी धावत आली. "आई, हे कोण?"

कासिल्दाने तिला जवळ घेतलं. "राजधानीतले मोठे चित्रकार आहेत," ती म्हणाली.

बेल्त्रान राजधानीला परत गेला नाही. त्याच गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहिला. राजाच्या महालातल्या वीस चित्रांपुढे लोक तासन्‌तास उभे राहत. इकडे कासिल्दा त्याला सणावाराला जेवायला बोलवायची, आग्रह करून वाढायची. 'बाबा' ही हाक मात्र त्याला पुन्हा ऐकू आली नाही.

तात्पर्य: ज्यांची ओढ वाटते, त्यांच्याकडे वेळेवर जावं, नुसती ओढच जपत बसलं, तर माणसं वाट पाहणं सोडून देतात.