दस्त्याच्या आतली चीर

किती पिढ्या लोटल्या कोण जाणे, पण डोंगरातल्या एका राज्यात बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री राहत होता. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, घडवावा तर त्यानेच, असं लोक म्हणत. त्या कौतुकाची त्याला चटक लागली होती.

एके दिवशी एका गावाचा राखणदार आपली दुनळी बंदूक घेऊन आला. साऱ्या गावात तेवढी एकच बंदूक होती.

"मिस्त्री, पावसाळाभर हिने ओल खाल्ली आहे. जरा उघडून तेल द्या. बिबट्या गोठ्यांपर्यंत येऊ लागलाय."

"बसा," मिस्त्री म्हणाला. "दस्ता माझ्याच हातचा आहे. त्याला काय होतंय?"

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून त्याने नळ्या उतरवल्या. दस्त्याच्या मागची पट्टी काढली, लांब पेचकस आत घातला आणि खोलवरचा स्क्रू हळूहळू सैल केला. दस्ता लोखंडापासून सुटून त्याच्या हातात आला.

लाकूड लोखंडाला भिडतं तिथे केसासारखी बारीक चीर होती. बोटभर आत गेली होती. मिस्त्रीला लगेच उमगलं. दोन वर्षांपूर्वी शिसवीचं ते लाकूड पुरतं वाळलं नव्हतं, तरी त्याने घाईने वापरलं होतं.

"काही निघालं का?" दारात पान चघळत बसलेल्या राखणदाराने विचारलं.

खरं ते मिस्त्रीच्या अगदी ओठांवर आलं. पण उद्या हा चारचौघांत सांगेल की मिस्त्रीचं काम कच्चं निघालं. त्याने चिरेत सरस भरला, वरून मेण चोळलं, गंज खरवडून तेल दिलं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं.

"काही नाही. आता खुशाल वापरा," तो म्हणाला.

राखणदाराने हात जोडले आणि तो गेला.

आठव्या दिवशी बिबट्याने वासरू उचललं. राखणदार एकटाच मागावर गेला. पहिल्याच बाराला दस्ता मोडला आणि नेम चुकला. दुसरा बार काढायला सवडच मिळाली नाही. गावकरी पोचले तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

त्याची बायको मोडकी बंदूक घेऊन मिस्त्रीकडे आली.

"भाऊ, जनावराच्या झटापटीत मोडली असेल. नव्या राखणदारासाठी दस्ता करून द्या. गावाचा तुमच्यावरच भरवसा आहे."

तो भरवसा मिस्त्रीला सोसवेना.

"वहिनी, जनावराने नाही मोडली," तो म्हणाला. "चीर आधीचीच होती. मला दिसली होती."

तिने समोर ठेवलेल्या मोडक्या बंदुकीकडे पाहिलं.

"एवढं सांगितलं असतंत, तर ते चार माणसं सोबत घेऊन गेले असते," ती म्हणाली. बंदूक उचलून ती निघून गेली.

गावाने मिस्त्रीला शिक्षा केली नाही, शिवीसुद्धा दिली नाही. चांगलं वाळलेलं लाकूड घेऊन त्याने महिनाभर खपून नवा दस्ता घडवला आणि तिच्या दारी नेला. दार उघडलं नाही. उंबऱ्यापाशी दस्ता ठेवून तो परतला. त्यानंतर कुणी त्याच्याकडे काम आणलं नाही, आणि त्यानेही कुणाकडे मागितलं नाही.

आपली चूक दिसली त्याच क्षणी सांगावी. उशिराच्या कबुलीने गेलेला जीव परत येत नाही.