रोजची खांदेमळण

रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. घाटमाथ्यावर एक गाव होतं. तिथल्या गाडीतळावरून गुळाने भरलेल्या बैलगाड्या घाट उतरून खाली बंदरावर जात.

त्या गावात जानू नावाचा एक तरणाबांड गडी राहायचा. त्याचे वडील गाडीवान होते. ते गेले तेव्हा मागे उरला एकच बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या. जानू त्याच्यासोबतच वाढला होता. लहानपणी ताप आला की तो गोठ्यात जाऊन चांद्याच्या पोटाला टेकून झोपायचा. तिथं त्याला बरं वाटायचं.

वडिलांसारखं गाडीवान व्हायचं, एवढं एकच जानूच्या मनात होतं. म्हणून एके सकाळी चांद्याला घेऊन तो तळावर गेला.

तळावर मालक दोन. एक होते शेटजी. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. शेटजी जानूला म्हणाले, "अरे, तू गाडीवानाचा पोरगा! तुला काय शिकवायचं? हा घे जरीचा फेटा. तुझ्या बैलाला माझ्या बैलाची जोड देतो. उद्याच घाट उतर."

दुसरे होते तात्या. गाड्या जुन्या, अंगरखा त्याहून जुना. ते म्हणाले, "माझ्याकडं सहा महिने कासरा हातात मिळायचा नाही, बाळा. गाडीमागून चालायचं. उतार आला की मागं ओंडका बांधायचा, म्हणजे गाडी आवरती राहते. आणि संध्याकाळी तेल-हळद लावून बैलांची खांदेमळण करायची."

"खांदेमळण तर पोळ्याच्या आदल्या दिवशी करतात ना?" जानूने विचारलं.

"बैलाचा खांदा काय पोळ्यालाच दुखतो?" तात्या म्हणाले. "आमच्याकडं रोज असते."

आजूबाजूचे गाडीवान खो खो हसले. जानू शरमला. सहा महिने धूळ खात गाडीमागून चालायचं, आणि तेही साऱ्या गावादेखत! त्याने फेटा बांधला.

परतताना चांद्या म्हणाला, "धनी, शेटजींच्या दावणीला बांधलेल्या बैलांचे खांदे पाहिलेस? घुंगुरमाळेखाली कातडं सोललंय रे." त्या काळी बैल बोलत आणि माणसं ऐकतही. पण ऐकलेलं मनावर घेण्याची सवय माणसांना तेव्हाही नव्हती. जानू फेटा चाचपत राहिला.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी त्याने विचारलं, "शेटजी, ओंडका?"

"ओंडक्याने उशीर होतो. आपल्या गाड्या आधी पोचतात, म्हणून तर माल आपल्याला मिळतो. बस वर आणि हाक!"

उतारावर गाडीवानाने खाली उतरून बैलांच्या तोंडाशी चालायचं असतं, हे जानूच्या वडिलांना ठाऊक होतं. जानूला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. तो रुबाबात वर बसून राहिला. उतार वाढला तशी भरली गाडी बैलांच्या अंगावर येऊ लागली. त्याने कासरा ओढला, पण गाडी काही थांबेना. पुढे वळण होतं, आणि वळणापलीकडे दरी.

तेव्हा चांद्याने जोडीदाराला रेटत डोंगराची बाजू धरली आणि दरडीला अंग लावलं. गाडी घासत घासत थांबली. जानू वाचला. चांद्या मात्र गुडघ्यावर कोसळला. त्याचा खांदा फाटला होता.

मागून आलेल्या शेटजींनी आधी गुळाच्या ढेपी पाहिल्या. मग म्हणाले, "ढेपी शाबूत आहेत. दुसरा बैल जुंपू. याला राहू दे इथंच." आणि खरंच, गाडीला दुसरा बैल जुंपून त्यांचा तांडा निघून गेला.

जानू चांद्याचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसला. फेट्याचं टोक जखमेवर दाबून धरलं, तर जरीची तार टोचून चांद्या कळवळला. जानूने तो फेटा दरीत भिरकावला.

बऱ्याच वेळाने वरून ओंडके घासल्याचा खरखर आवाज आला. तात्यांच्या गाड्या येत होत्या, सावकाश, एकामागोमाग एक. सगळ्या थांबल्या. कुणी पाणी आणलं, कुणी हळद, कुणी आपलं धोतर फाडलं. जानूला कुणी एका शब्दाने टोचलं नाही. त्यामुळे त्याला आणखीच रडू आलं.

"तात्या," तो हुंदके देत म्हणाला, "मला मागून चालायला ठेवाल?"

"ठेवीन की," तात्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "आणि तुझा चांद्याही चालेल. बिनजुवाचा."

चांद्या बरा झाला, पण लंगडा राहिला. सहा महिने दोघे तात्यांच्या गाड्यांमागून धूळ खात चालले. संध्याकाळी जानू सगळ्या बैलांचे खांदे मळायचा, आणि सगळ्यांत शेवटी, ज्याच्यावर आता कधीच जू येणार नव्हतं, तो चांद्याचा खांदा.

पुढे जानू घाटातला सर्वांत भरवशाचा गाडीवान झाला. कुणी तरुण कामाची चौकशी करत आला की तो त्याला मालकाकडे न्यायच्या आधी दावणीकडे न्यायचा आणि म्हणायचा, "घुंगुरमाळ बाजूला कर, आणि बघ."

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, काम मागायला जाल तेव्हा मालक तुम्हाला काय देतो ते मागाहून पाहा, त्याच्याकडे आधीपासून राबणाऱ्यांचे खांदे आधी पाहा.