पागोट्याचा खून

"तुझ्या बापानं खून केला नाही, हे सूर्य मावळायच्या आत दाखव! नाहीतर भिवा कुंभार सुळावर!" राजा धैर्यशील गरजला.

भिवाची लेक चिमणा भर दरबारात एकटी उभी होती. राजा एकदा हट्टाला पेटला की प्रधानजीसुद्धा आपल्या पायांकडे बघत बसायचे.

फिर्याद होती दौलतरावाची. भिवाच्या भट्टीची जमीन त्याला कधीची हवी होती आणि भिवा ती देत नव्हता. आता दौलतरावाचा थोरला भाऊ हैबतराव बेपत्ता होता, आणि त्याचं रक्तानं माखलेलं पागोटं नेमकं त्या भट्टीपाशी सापडलं होतं.

"महाराज, न केलेलं दाखवायचं कसं? काल मी वाघ खाल्ला नाही, हे तरी कसं दाखवू?"

"ते तुझं तू बघ!"

"बरं. पण हैबतराव मेले, हे तरी नक्की का?"

"पागोटं दिसत नाही?" दौलतराव मिशीला पीळ देत ओरडला.

"पागोट्याचा खून झालेला दिसतोय खरा. माणूस कुठाय?"

दरबारात खसखस पिकली. तेवढ्यात दौलतरावाच्या म्हाताऱ्या आईनं "माझा हैबती गेला हो!" म्हणून हंबरडा फोडला. राजा या रडण्यानं विरघळला तर बाप गेलाच! पण चिमणाची नजर दौलतरावाच्या मिशीवर अडली.

"महाराज, थोरला गेला, त्याला मूलबाळ नाही. मग धाकट्यानं डोकं-मिशी उतरवायला नको? हे तर सुतकात मिशीला तूप लावून आलेत!"

"खरंच की! न्हाव्याला बोलवा!"

न्हावी धोकटी घेऊन आला. मिशी काय, पुन्हा उगवेल, जमीन थोडीच उगवणार आहे, म्हणून दौलतराव निमूट बसला. न्हाव्यानं वस्तरा उघडला मात्र, म्हातारी धावलीच!

"थांब मेल्या! थोरला धडधाकट असताना मिशी उतरवतोस? माझ्या लेकराला काही बरंवाईट झालं म्हणजे?"

दौलतरावानं कपाळावर हात मारला.

"कुठाय तो?" राजानं विचारलं.

"मामाच्या माडीवर," म्हातारी पुटपुटली. "रक्त कोंबडीचं होतं."

राजाला हसू येत होतं, पण हट्ट सुटेना. "तरी पोरी, तुझ्या बापानं खून केला नाही हे तू कुठं दाखवलंस?"

"हैबतरावांनाच बोलवा की महाराज! माझ्या बापानं त्यांना मारलं नाही, हे त्यांच्याइतकं खात्रीनं दुसरं कोण सांगणार?"

राजा पोट धरधरून हसला. भट्टीची जमीन त्यानं भिवाला कायमची इनाम दिली, दोघा भावांना वर्षभर तिथं माती तुडवायला धाडलं, आणि चिमणाला आपल्या न्यायसभेत मानाची जागा दिली. खुनाची फिर्याद आली की पहिला प्रश्न तिनं विचारायचा.