मेलेल्या इंजिनाला झेंडूचा हार

बापूशेठ गॅरेजवाल्यांच्या शब्दापुढे कुडाळात कोणी बोलत नसे. कुमुदताईंच्या जुन्या गाडीचं इंजिन तापून बंद पडलं, तेव्हा ते खोलून शेठनी निकाल दिला, "मेलंय हे! दुरुस्तीत काही राम नाही. भंगाराच्या भावात मीच नेतो गाडी, केवळ तुमच्यासाठी."

कुमुदताई मूळच्या चौकस. भंगारासाठी शेठ एवढे उतावीळ का, हे काही त्यांना उमगेना. म्हणून त्या गॅरेजात गेल्या, तर नेमकी खंडेनवमी. शेठ स्वतःच्या हाताने पान्यांना, जॅकला, यंत्रांना हळदकुंकू वाहत होते. ताईंनी आत डोकावून पाहिलं, मागच्या अंगणातही पाहिलं.

"शेठ, आज भंगाराचीही पूजा करतात का हो?"

"काहीतरीच काय, ताई! पूजा कामाच्या वस्तूची. भंगाराला कोण फूल वाहतो?"

"खरंय. मागच्या ढिगावर एक पाकळीसुद्धा नाही. मग माझ्या मेलेल्या इंजिनाला एवढा मोठा हार कसा घातलात?"



ताई पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसरा आहे, मुहूर्त माझ्याच इंजिनाने करा."